विश्लेषण : वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी देवळांत कशा आल्या? जेत्याने नेलेल्या वस्तूचे खरे नुकसान कोणते?

भीमाशंकरच्या देवळाच्या आवारात टांगलेल्या मोठ्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवरही तीच आकृती दिसते. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा पोर्तुगीज घडणीची आहे. १७३९ च्या वसई मोहिमेची ही विजयचिन्हे पावणेतीनशेहून अधिक वर्षे मराठी देवळांत नांदत आहेत. लंडनहून वाघनखे आली, रघुजी भोसल्यांची तलवार आली आणि ‘आमचे आम्हाला परत द्या’ ही मागणी घराघरांत पोहोचली. अशा वेळी आपल्याच देवळांत असलेल्या, दुसऱ्याकडून आणलेल्या या वस्तूंची गोष्ट माहीत असायला हवी. तिचा एक धागा मुंबईच्या उपनगरात, वर्सोव्याच्या खाडीच्या मुखाशी सापडतो.

वर्सोव्याचा या घंटांशी काय संबंध?

वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडली की मढ लागते. मढच्या टोकाला समुद्रालगत एक लहानसा किल्ला आहे. नकाशावर तो मढमध्ये असला तरी त्याचे नाव वर्सोव्याचा किल्ला. हिंदी चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्यांनी त्याचे बुरूज नकळत अनेकदा पाहिलेले असतात. समुद्रावर आणि खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी तो सतराव्या शतकात बांधला. फेब्रुवारी १७३९ मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला.

आज आपण मुंबई म्हणून एकच शहर ओळखतो. तेव्हा माहीमच्या खाडीच्या दोन बाजूंना दोन राज्ये होती. १६६१ च्या विवाह करारानंतर मुंबईची बेटे इंग्रजांकडे गेली. खाडीच्या उत्तरेला वांद्र्यापासून वर्सोवा, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा मुलूख साष्टी बेटाचा. तो पुढेही पोर्तुगीजांकडेच राहिला. सहासष्ट गावांचे बेट म्हणून साष्टी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. या गावांतून ठिकठिकाणी चर्च उभी होती. अंधेरीला सीप्झच्या आवारात उभे असलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष त्यांपैकीच एकाचे. ते चर्च १५७९ चे.

अष्टविनायकांपैकी पालीच्या बल्लाळेश्वराला चिमाजी अप्पांनी अर्पण केलेली मोठी घंटा आहे. ती वसई आणि साष्टीच्या विजयानंतर दिली, असे परंपरा सांगते. त्यातली साष्टी म्हणजे आजची उपनगरे. वसईची मोहीम म्हटली की वसई-विरारकडे बोट दाखवले जाते, पण लोकलने रोज अंधेरी-बोरिवली करणारा प्रवासी त्याच मोहिमेच्या रणभूमीतून जात असतो.

वसई कशी पडली?

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई आणि आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. पुढे वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. तटबंदीच्या आत चर्च, मठ, रुग्णालय, श्रीमंतांचे वाडे असे भरभराटीचे शहर उभे राहिले.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीत पाय रोवला. छत्रपती शाहू महाराजांच्या वतीने मोहिमेची सूत्रे पेशवे बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्याकडे होती. जानेवारी १७३९ मध्ये माहीम-केळवे आणि तारापूर पडले. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर हे सरदार कामी आले. फेब्रुवारीत वर्सोवा हाती आले आणि त्याच महिन्यात वसईला वेढा पडला. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. हल्ला करायचा तर जमिनीच्या एकाच बाजूने. त्या बाजूच्या तटाखाली सुरुंग खणण्यात आले. मे महिन्यात सुरुंग उडाले, बुरुजाला खिंडार पडले आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. २३ मे रोजी शहर मराठ्यांच्या ताब्यात आले. २०५ वर्षांची पोर्तुगीज सत्ता इथे संपली.

शरणागतीच्या अटी त्या काळाच्या मानाने उदार होत्या. सैन्याला शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू देण्यात आले. नागरिकांना कुटुंब आणि नेता येण्याजोगी मालमत्ता घेऊन जाण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. वसईत आणि साष्टीत आजही नांदणारा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज हा त्या मागे राहिलेल्यांचा वारस आहे.

१७३९ च्या याच मे महिन्यात इराणचा नादिरशहा दिल्ली लुटून परत निघाला. त्याच्यासोबत शाहजहानचे मयूरासन आणि कोहिनूर होता. एकाच महिन्यात उत्तरेत एक जेता सिंहासन घेऊन चालला होता आणि कोकणात दुसऱ्या जेत्याच्या हाती चर्चच्या घंटा लागल्या होत्या. मयूरासन पुढे मोडले गेले, त्यातली रत्ने विखुरली. घंटा मात्र शाबूत राहिल्या.

कोणती घंटा कुठे आहे?

भीमाशंकरची घंटा सर्वांत प्रसिद्ध. देवळासमोर शनीच्या मंदिरापाशी ती टांगलेली आहे. तिच्यावर १७२९ हे साल आहे. म्हणजे वसई पडली तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. मेणवलीची घंटा नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे. तिच्यावरचे साल १७०७. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे हा घाट देशभर पोहोचला, घंटेची कथा मात्र तितकी पोहोचली नाही.

नाशिकला पंचवटीत सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे देऊळ बांधले. त्याच्या तटावर नदीच्या बाजूला खास घंटाघर करून पोर्तुगीज घंटा बसवली. तिच्यावर १७२१ हे साल आहे. गोदावरीला महापूर आला आणि पाणी घंटेपर्यंत चढले की शहराला धोक्याची जाणीव होते, असे नाशिककर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पालीची घंटा वर आलीच आहे. पुण्याच्या ओंकारेश्वराच्या देवळातली घंटाही याच मोहिमेशी जोडली जाते. वसईच्या इतिहासाचे अभ्यासक आणि दुर्गप्रेमी गेली काही वर्षे गावोगाव फिरून अशा घंटांच्या नोंदी करत आहेत.

या घंटा ओळखायच्या कशा? आपल्या देवळातली घंटा बहुधा सभामंडपात, हात पोहोचेल इतक्या उंचीवर आणि एका माणसाला सहज वाजवता येईल इतकी असते. चर्चची घंटा मनोऱ्यासाठी घडवलेली. ती खाली रुंद होत जाते, तिचा काठ जाड असतो आणि अंगावर क्रूस, संतांच्या आकृती, लॅटिन अक्षरे किंवा साल ओतीव कामात उठवलेले असते. सभामंडपाच्या छताला तिचे वजन पेलणे कठीण. म्हणून अशा घंटा देवळाबाहेर दगडी खांबांमध्ये किंवा वेगळ्या घंटाघरात टांगलेल्या दिसतात.

जेत्याला घंटाच का हवी असते?

पहिले कारण धातूचे. घंटा कांशाची असते. त्यात साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. तोफेच्या कांशात कथील कमी, सुमारे दहा टक्के. म्हणजे घंटा वितळवून त्यात थोडे तांबे वाढवले की तोफ ओतता येते. युरोपात तर एखादे शहर जिंकले की तिथल्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानण्याची रीत होती. शहराला घंटा राखायच्या असतील तर पैसे भरून सोडवून घ्याव्या लागत.

दुसरे कारण आवाजाचे. ज्या काळी घराघरांत घड्याळ नव्हते तेव्हा गावाचा दिवस चर्चच्या घंटेवर चालत असे. प्रार्थनेची वेळ, मयताची वार्ता, समुद्रातून आलेल्या शत्रूची सूचना हे सगळे घंटाच सांगे. नवी घंटा टांगण्याआधी धर्मगुरू तिला विधिपूर्वक आशीर्वाद देत, अनेकदा तिला संताचे नावही ठेवत. घंटा मनोऱ्यावरून उतरली की राज्य बदलल्याचे गावाला वेगळे सांगावे लागत नसे.

तिसरे कारण आपल्या बाजूचे. घंटानाद हा हिंदू पूजेचाही भाग आहे. चर्चमधला क्रूस किंवा वेदी देवळात ठेवता आली नसती, घंटा ठेवता आली. विजयाचे चिन्ह म्हणून ती देवाला वाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामालाही लागली. मराठ्यांना तोफांची निकड कायमच होती. तरीही या घंटा भट्टीत गेल्या नाहीत आणि त्यांच्यावरची मेरीची आकृती छिन्नीने काढली गेली नाही. आज त्या अभ्यासता येतात त्या या दोन गोष्टींमुळे.

पोर्तुगीजांनी काय नेले होते?

या प्रश्नाशिवाय १७३९ चा राग समजत नाही. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर हे शैव लेणे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याचे प्रार्थनामंदिर केले आणि वरच्या बाजूला चर्च व मठ बांधला. मराठ्यांच्या विजयानंतर तिथे पुन्हा शिवपूजा सुरू झाली. लेण्यातल्या एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. उपनगरातली ही एक भिंत दोन्ही बाजूंचा इतिहास सांगते.

दुसरे उदाहरण घारापुरीचे. तिथल्या मुख्य लेण्याच्या दाराशी एक मोठा शिलालेख होता. तो पोर्तुगीजांनी काढला आणि पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्याकडे पाठवला, असे पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याने नोंदवले आहे. राजाने तो वाचून घेण्याचा प्रयत्न केला, पण वाचणारा कोणी मिळाला नाही. पुढे तो शिलालेख कायमचा हरवला. घारापुरीची लेणी कोणत्या राजवटीत कोरली गेली, कलचुरी की कोकणचे मौर्य, यावर विद्वान आजही वाद घालतात. एक दगड जागचा हलला आणि त्यासोबत लेण्याचा जन्मदाखलाच गेला.

तिसरी घटना गोव्याशी जोडलेली आहे. १५६० मध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तान्तिनो द ब्रागांझा याने श्रीलंकेतल्या जाफना राज्यावर स्वारी केली. लुटीत बुद्धाचा दात म्हणून पूजला जाणारा अवशेष मिळाला. श्रीलंकेत दंतधातू ही राजसत्तेची खूण. ज्याच्याकडे दंतधातू तो राजा, अशी तिथली समजूत. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने तो सोडवण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. तिजोरीला पैशांची गरज असूनही धर्मसत्तेने नकार दिला. १५६१ मध्ये गोव्यात आर्चबिशपने सर्वांसमक्ष तो कुटून, जाळून त्याची राख नदीत टाकली. खरा दात आपल्याकडेच सुरक्षित राहिला, असे श्रीलंकेतले बौद्ध मानतात आणि कँडीच्या मंदिरात त्याची पूजा आजही चालते.

जगात इतरत्र काय घडले?

घंटांच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण स्पेनचे. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या खिलाफतीचा सेनानी अल मन्सूर याने सांतियागो दे कोंपोस्तेला हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र लुटले. तिथल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या आणि उलट्या टांगून मशिदीत दिवे म्हणून वापरल्या, असे जुन्या बखरी सांगतात. १२३६ मध्ये कास्तीयचा राजा तिसरा फर्नांदो याने कोर्दोबा जिंकले. त्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर देऊन सांतियागोला परत पाठवल्या. २३९ वर्षांनी घंटा घरी आल्या. दोन्ही वेळा ओझे वाहिले ते हरलेल्यांनी.

राजसत्तेच्या खुणेचे सर्वांत गाजलेले उदाहरण स्कॉटलंडचे. स्कॉटिश राजांचा राज्याभिषेक स्कून येथील एका वालुकाश्माच्या शिळेवर होत असे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९६ मध्ये ती लंडनला नेली आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये खास खुर्ची घडवून तिच्या बैठकीखाली बसवली. त्यानंतर इंग्लंडचा राजा गादीवर बसताना स्कॉटलंडची शिळा त्याच्या खाली असे. १९५० च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी ती ॲबीतून पळवली. काही महिन्यांनी ती सापडली आणि लंडनला परत गेली. अखेर १९९६ मध्ये सरकारने ती एडिंबरोला पाठवली. मे २०२३ मध्ये राजे तिसरे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी ती तात्पुरती लंडनला आणली गेली. मार्च २०२४ पासून ती स्कूनजवळच्या पर्थ शहरातल्या संग्रहालयात आहे. १५२ किलोच्या या दगडाला पोटी रत्न नाही की अंगावर नक्षीकाम नाही. सातशे वर्षांचे भांडण झाले ते फक्त तो कुठला आहे, यावरून.

मराठ्यांकडून काय गेले?

नाशिकच्या घंटेसमोर ठेवावे असे उदाहरण नाशिकच्याच जवळ आहे. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला म्हणून ओळखला जाणारा हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. लंडनच्या बाजारात त्याला ‘नासक’ हे नाव पडले. तिथल्या जवाहिऱ्यांना त्याची मूळची भारतीय घडण पसंत पडली नाही. मूळचा सुमारे ९० कॅरटचा हिरा आधी लंडनमध्ये आणि पुढे १९४० मध्ये अमेरिकेत नव्याने कापला गेला. आता तो ४३.३८ कॅरटचा उरला आहे. उद्या तो परत आला तरी त्र्यंबकेश्वरी जो होता तो हिरा परत येणार नाही. नावातला नाशिकचा अपभ्रंश तेवढा शिल्लक आहे.

त्या काळी हे कायदेशीर होते का? आज काय?

अठराव्या शतकात लूट ही युद्धाची मान्य रीत होती. जिंकलेल्या शहरातली मालमत्ता जेत्याची, हे सगळेच धरून चालत. १८९९ आणि १९०७ च्या हेग करारांनी लुटीवर आणि धर्मस्थळांची मालमत्ता जप्त करण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आणली. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. तो मागच्या काळाला लागू होत नाही. त्यामुळे १७३९ च्या घंटा असोत की १८१८ चा हिरा, आजच्या कायद्याने कोणालाही न्यायालयात खेचता येत नाही.

भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरतात. त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. ब्रिटनमधले नियमही आडवे येतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९८३ च्या कायद्यामुळे संग्रहातली वस्तू सहसा कायमची देऊन टाकता येत नाही. म्हणूनच वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. एक वस्तू उसनी आणि दुसरी पैसे मोजून. या दोन वस्तूंच्या बाबतीत प्रत्यक्षात चालले ते मार्ग हे.

मग घंटा परत द्यायच्या का?

हा प्रश्न विचारताच दोन टोकाची उत्तरे येतात. पहिले उत्तर असे की, पोर्तुगीजांनी देवळे पाडली, तेव्हा घंटांचा हिशेब मागण्याचा कोणाला अधिकार नाही. दुसरे उत्तर असे की, लंडनकडे मागायचे असेल तर आधी आपल्या हातातले सोडावे लागेल. दोन्ही उत्तरे ऐकायला सोपी असली तरी प्रत्यक्षात त्यांचा फारसा उपयोग नाही.

पहिली अडचण अशी की, द्यायच्या तर कोणाला? पोर्तुगालला देण्यात अर्थ नाही. या घंटा जिथे वाजत ती चर्च इथलीच, त्यांचे भाविकही इथलेच. बरीच चर्च आता उभी नाहीत. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या छत नसलेल्या भिंती उरल्या आहेत. दुसरी अडचण अशी की, घंटा गेली पावणेतीन शतके जिथे आहेत तिथल्या लोकांच्याही झाल्या आहेत. नारोशंकराची घंटा नाशिकच्या पुराच्या आठवणींत आहे. भीमाशंकरला जाणाऱ्या वारकऱ्याच्या किंवा शाळेच्या सहलीतल्या मुलाच्या लेखी ती देवाची घंटा आहे. जुन्या मालकाचा हक्क खरा तसे हे नातेही खरे.

पण या चर्चेत खरे नुकसान नजरेआड होते. घारापुरीच्या शिलालेखाच्या बाबतीत दगड गेला याहून मोठे नुकसान म्हणजे त्या दगडाचे आणि लेण्याचे नाते तुटले. नासक हिऱ्याचेही तेच झाले. वसईच्या घंटांचे साल कळते, पण बहुतेक घंटांचे मूळ चर्च आज सांगता येत नाही. वर्सोव्याच्या आसपासच्या साष्टीतल्या एखाद्या गावचे चर्च जिच्या नादावर जागे होत असे ती घंटा आज सह्याद्रीत कुठे तरी वाजत असेल, तर ती या गावची आहे हे सांगणारे काही उरलेले नाही. वस्तू टिकली, पण तिचा पत्ता हरवला.

हा पत्ता शोधता येतो का?

येतो, आणि त्यासाठी एकही घंटा हलवावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने युरोपभरातून सुमारे पावणेदोन लाख घंटा धातूसाठी उतरवल्या. त्यांतल्या बहुसंख्य वितळल्या गेल्या. ज्या उरल्या त्या हॅम्बर्गच्या बंदरात रचून ठेवलेल्या सापडल्या. प्रत्येक घंटेवर ती कोणत्या भागातून आली याची खूण रंगाने लिहिलेली होती. त्या खुणांच्या आधारे हजारो घंटा आपापल्या गावी परत गेल्या. लुटणाऱ्यानेच ठेवलेली नोंद परतफेडीला उपयोगी पडली.

आपल्याकडे पहिले काम आहे ते अशा नोंदींचे. प्रत्येक घंटेवरच्या मजकुराचे ठसे घ्यायचे, छायाचित्रे काढायची, उंची, व्यास आणि साल नोंदवायचे. घंटेवर संताचे नाव असेल तर त्या संताच्या नावाचे चर्च वसईत किंवा साष्टीत कुठे होते हे पोर्तुगीज धर्मसंघांच्या कागदपत्रांत ताडून पाहता येते. एका बाजूला पेशवे दफ्तर आणि दुसऱ्या बाजूला गोवा व लिस्बनची दप्तरे आहेत. मोडी आणि पोर्तुगीज या दोन्ही लिप्या-भाषा जाणणाऱ्यांनी एकत्र बसून करायचे हे काम आहे. तेल, शेंदूर आणि रंगाचे थर बसून अक्षरे बुजण्याआधी ते व्हायला हवे.

दुसरे काम देवस्थानांचे. घंटेजवळ एक साधी पाटी लावावी. ही घंटा अमुक सालची, पोर्तुगीज घडणीची, १७३९ च्या मोहिमेनंतर इथे आली, तिच्यावरची आकृती मेरी आणि येशूची. पराक्रमही सांगावा आणि मूळही सांगावे. त्याने देवळाचे काही कमी होत नाही. तिसरे काम वसई, वर्सोवा-मढ आणि बोरिवलीकडचे. वसईच्या किल्ल्यात, वर्सोव्याच्या जेट्टीवर किंवा मंडपेश्वरापाशी एखाद्या फलकावर या घंटांची छायाचित्रे, त्यांचा ध्वनिमुद्रित नाद आणि त्या आज कुठे आहेत याचा नकाशा ठेवता येईल. इथल्या ख्रिस्ती कोळ्याला किंवा ईस्ट इंडियन कुटुंबाला आपल्या पणजोबांच्या गावची घंटा आज नाशिकला आहे की भीमाशंकरला, हे शोधण्याची निदान वाट तरी मिळेल.

अशा नोंदींचा उपयोग लंडनशी बोलतानाही होईल. परदेशी संग्रहालये परतीची मागणी आली की पहिला प्रश्न विचारतात तो पुराव्याचा : ही वस्तू कुठली, कोणाकडून गेली, कधी गेली, कोणत्या मार्गाने? आपल्याच देवळांतल्या वस्तूंबाबत या चार प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याकडे लिहून ठेवलेली असतील, त्यांना दुसऱ्याला ते प्रश्न विचारताना अडखळावे लागणार नाही.